चार ओगर, आठ फेऱ्या आणि एक जांभई

तर झालं असं की, एका शनिवारी रात्री आमच्या खेळात चार ओगर मारायला आम्हाला दोन तास लागले. त्यातला शेवटचा तास कोणीच खेळत नव्हतं, आम्ही फक्त फासे टाकत होतो. क्लेरिकचं पात्र खेळणारी मैत्रीण मोबाइल बघत होती. तिची पाळी आली की मान वर करायची, फासा टाकायची, "लागला, नऊ" म्हणायची आणि पुन्हा मान खाली. निघताना दारात चप्पल घालता घालता ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी मी नाही आले तर चालेल ना रे? तसंही माझ्या सेल कल्चरला बघायला यावंच लागतं."

तिच्या सेल कल्चरला शनिवारी कोणी बघत नाही हे मला माहीत आहे. आमची लॅब एकच आहे.

पीएचडीच्या चौथ्या-पाचव्या वर्षात शनिवारची ती चार तासांची बैठक म्हणजे आमच्यातल्या काही जणांसाठी आठवड्यातला एकमेव वेळ, जेव्हा कोणी "थिसिस कुठवर आला?" असं विचारत नाही. ती मोडली असती तर मोडणारा मी होतो, कारण डन्जन मास्टर मी आहे. लढाई मी रचली होती, आणि नियमाच्या पुस्तकातलं कोष्टक बघून अगदी बरोबर रचली होती. मग चुकलं काय? हे शोधायला गेलो आणि रविवारभर वहीत जे गणित केलं ते माझ्या रोजच्या कामातलंच निघालं. म्हणून हा लेख इथे.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकन माणसांनी १९७४ साली छापलेला खेळ. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि एक जण डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. बाकीचं जग, राक्षस, गावकरी, पाऊस, सगळं तो चालवतो. मी अमुक करतो असं खेळाडू सांगतात, आणि जिथे निकाल अनिश्चित आहे तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. हा खेळ युद्धाच्या पटावरून आला. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना शिकवायला 'क्रीगश्पील' नावाचा फाशांचा खेळ वापरत. त्या परंपरेतून शे-दीडशे वर्षांनी गायगॅक्सचा 'चेनमेल' (१९७१) आला आणि त्यातून डन्जन्स अँड ड्रॅगन्स. त्यामुळे खेळात गोष्ट कितीही असली तरी नियमांचा मोठा भाग मारामारीचाच आहे. आणि ती मारामारी कंटाळवाणी झाली तर संध्याकाळच गेली.

आता हिशेब. मी २०१४ चे नियम वापरतो. आमची पात्रं पाचव्या पातळीची: एक फायटर, एक रोग, एक विझार्ड, एक क्लेरिक. त्यांच्या हिट पॉइंटची बेरीज साधारण १५२. ओगर म्हणजे आडदांड, बुद्धीने बेताचा राक्षस. त्याचे हिट पॉइंट ५९. हाताशी सोटा. विसाच्या फाशावर अधिक सहा. आमच्या लोकांचं चिलखत सरासरी १६ धरलं तर त्याला १० किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे ५५ टक्के वेळा सोटा लागतो. लागला की सरासरी १३. म्हणजे एका ओगरच्या एका पाळीची किंमत १३ चे ५५ टक्के, साधारण ७ पॉइंट.

आमचे चौघे मिळून दर फेरीला ३० पॉइंटचं नुकसान करतात असं समजू. खरं तर जास्त करतात, पण आकडा सोपा राहू दे. ओगरला ५९ ऐवजी ६० पॉइंट देऊ. दोन फेऱ्यांत एक ओगर पडतो.

इथे या खेळाचा एक नियम लक्षात घ्या, सगळी गंमत त्यात आहे: एक पॉइंट उरलेला ओगर साठ पॉइंटवाल्या ओगरइतक्याच जोरात मारतो. शून्याला पोचेपर्यंत त्याला काहीही होत नाही. म्हणून चौघांनी एकेका ओगरवर तुटून पडणं केव्हाही शहाणपणाचं. तसं केलं तर दर फेरीला किती ओगर आपल्याला मारतात? आपण आधी मारतो असं धरलं तर: ४, ३, ३, २, २, १, १, ०. बेरीज १६ पाळ्या. त्याऐवजी प्रत्येकाने आपापला ओगर धरला तर चौघेही आठव्या फेरीतच पडतात, आणि तोवर ४ गुणिले ७, म्हणजे २८ पाळ्या होतात.

१६ पाळ्या म्हणजे ११४ पॉइंट, २८ पाळ्या म्हणजे २००. आपल्याकडे आहेत १५२. म्हणजे तेच ओगर, तेच फासे, पण एका पद्धतीत सगळे जिवंत आणि दुसऱ्या पद्धतीत सगळे मेलेले. आमच्या गटाला हे दोन वर्षांपूर्वीच कळलंय, त्यामुळे ते न बोलता एकावर तुटून पडतात. म्हणजे या लढाईत घ्यायचा एकमेव निर्णय आधीच घेऊन झालेला होता.

पण ती ४, ३, ३, २, २, १, १, ० ची ओळ पुन्हा बघा. पहिल्या चार फेऱ्यांत १२ पाळ्या, शेवटच्या चार फेऱ्यांत ४. निम्मी लढाई झाली तेव्हा तीन चतुर्थांश धोका संपला होता! वेळ मात्र उरलेला होता, तोही जवळजवळ तेवढाच, कारण चार खेळाडूंच्या पाळ्यांना लागणारा वेळ ओगर कमी झाले म्हणून कमी होत नाही. मैत्रिणीची जांभई बरोबर पाचव्या फेरीला आली होती. ती गणिताच्या बाजूने होती.

लँचेस्टरसाहेबांचा वर्ग

नेहमीच्या वाचकांना माझं काम माहीत आहे: अँटिबायोटिक दिल्यावर बॅक्टेरियाची छोटी वसाहत कशी मरते, आणि कधीकधी का मरत नाही. त्यात आम्ही एकमेकांवर परिणाम करणाऱ्या दोन संख्यांची समीकरणं मांडतो: ही इतकी असेल तर ती इतक्या वेगाने घटेल. वहीत ओगर मांडल्यावर मला ती समीकरणं ओळखीची वाटली. फ्रेडरिक लँचेस्टर नावाचा इंग्रज इंजिनियर होता, मोटारगाड्या बनवणारा. त्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ च्या पुस्तकात, विमानांच्या लढाईबद्दल हेच लिहिलं. (रशियात ओसिपोव्हने १९१५ मध्ये स्वतंत्रपणे तेच काढलं होतं. पण नाव लँचेस्टरचं झालं. सायन्समध्ये असं चालतंच, माझ्या दुसऱ्या पेपरबद्दल मी काही बोलत नाही.)

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. जिथे प्रत्येक जण प्रत्येकावर नेम धरू शकतो, तिथे सैन्याची ताकद संख्येच्या प्रमाणात वाढत नाही, संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाच विरुद्ध चार, सगळे सारखेच कसलेले. शेवटी किती उरतील? आपण पटकन म्हणतो, एक. उत्तर आहे तीन: पाचाचा वर्ग २५, चाराचा १६, फरक ९, त्याचं वर्गमूळ ३. कारण पाचांनी पहिला गडी टिपला की आता पाच विरुद्ध तीन. मारणारेही जास्त आणि मार खायला समोर कमी. आघाडी स्वतःच स्वतःला वाढवते. आमच्या भाषेत याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात. यात 'पॉझिटिव्ह'चा अर्थ 'छान' असा अजिबात नाही. मायक्रोफोन स्पीकरसमोर धरल्यावर जो कर्कश आवाज येतो, तोही पॉझिटिव्ह फीडबॅकच.

याचे लढाई रचणाऱ्यासाठी दोन परिणाम. पहिला, राक्षस दुप्पट केले तर धोका दुप्पट नाही, जवळजवळ चौपट होतो. एकामागून एक मारायचे n राक्षस असतील तर एकूण धोका १+२+३ असं n पर्यंतच्या बेरजेच्या प्रमाणात: दोघांचा ३, चौघांचा १०, आठांचा ३६. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात म्हणूनच एक गुणक होता. राक्षसांच्या किमतीची बेरीज करायची, मग दोन राक्षस असतील तर दीडने गुणायचं, तीन ते सहा असतील तर दोनने, सात ते दहा असतील तर अडीचने, असं वर चारपर्यंत. आपल्या बेरजेतून दोघांसाठी बरोबर दीड आणि तिघांसाठी बरोबर दोन येतात. पुढे पुस्तकातला गुणक आपल्यापेक्षा सावकाश वाढतो. मला त्याचं कारण दिसतं ते फायरबॉल: वीस फूट त्रिज्येत सगळ्यांना एकदम सरासरी २८. गर्दी एकमेकांना खेटून उभी असेल तर संख्येचा फायदा एका फटक्यात जातो. २०२४ च्या नव्या पुस्तकात हा गुणक काढूनच टाकलाय. सोपं झालं हे खरं, पण नव्या डीएमला आठ गॉब्लिन आणि एक ओगर यांतला फरक आता आपटूनच कळणार.

दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा आणि कमी बोलला जाणारा. सुरुवातीचं नशीब शेवटच्या नशिबापेक्षा खूप जड असतं. पहिल्या फेरीत चार ओगर मारतात. चौघांचेही फटके लागण्याची शक्यता ९ टक्के, एकही न लागण्याची ४ टक्के. म्हणजे पहिल्याच फेरीत ५० पॉइंटही जाऊ शकतात आणि शून्यही. तो फरक मग पुढच्या प्रत्येक फेरीत चक्रवाढ व्याजाने वाढत जातो. सातव्या फेरीत उरलेल्या एका ओगरने काहीही केलं तरी फरक पडत नाही. फासे तेच, पण त्यांचं वजन फेरीगणिक उतरत जातं. छोट्या वसाहतींत आम्ही हेच बघतो. दहा पेशी असताना एक मेली-जगली तर इतिहास बदलतो, दहा लाख असताना कुणी विचारत नाही.

क्लॉड शॅननने १९४८ मध्ये माहिती मोजायचं एकक दिलं, बिट. निकाल ५०-५० असेल तर तो कळण्यात पूर्ण एक बिट माहिती असते. ९०-१० असेल तर ०.४७. ९८-२ झालं की ०.१४. कंटाळ्याची यापेक्षा नेमकी व्याख्या मला माहीत नाही: पंधरा मिनिटं फासे टाकून ज्यातून काहीच नवीन कळत नाही ती फेरी.

मग वर्ग मोडायचा कसा

सगळ्यात जुनी युक्ती दाराची. लँचेस्टरचाच दुसरा नियम आहे. जिथे एका वेळी एकच जण भिडू शकतो तिथे वर्ग लागू होत नाही, साधी वजाबाकी लागू होते. पाच विरुद्ध चार, अरुंद दारात एकास एक, तर उरतो एकच. (मराठी माणसाला हे समीकरण शिकवावं लागत नाही. घोडखिंड म्हटलं की झालं.) आमच्या खेळात ओगर दहा फुटी जागा व्यापतो. पाच फुटी दारात शिरायचं तर अंग चोरून, आणि तसं असताना त्याला दोन फासे टाकून लहान धरावा लागतो. ५५ टक्क्यांचे होतात ३०. मोकळ्या दालनात चार ओगर दर फेरीला सरासरी २८-२९ पॉइंट काढतात, त्या दारात एक ओगर फक्त ४. सातवा हिस्सा! जागा बदलली की राक्षस न बदलता लढाई बदलते.

पण यातून दुसराच कंटाळा निर्माण होतो. खेळाडूंनी दार धरलं की ते हलतच नाहीत, का हलावं? आणि डीएम बिचाऱ्या ओगरांना एकेक करून दारात पाठवत राहतो. ओगरची बुद्धी पुस्तकात ५ दिलीय, मांजराची ३. आमच्या मेसच्या मांजराला झाडू घेऊन दारात उभं राहिलेलं माणूस दिसलं तर ते खिडकीतून येतं. ओगरने इतकं तरी करावं. त्याच्याकडे फेकायचे भाले असतात, तो भिंत फोडू शकतो, नाहीतर निघून जाऊन रात्री परत येऊ शकतो. हा विचार नवा नाही. 'ड्रॅगन' मासिकाच्या नोव्हेंबर १९८७ च्या अंकात रॉजर मूरने 'टकरचे कोबोल्ड' ही गोष्ट सांगितली होती. कोबोल्ड म्हणजे या खेळातले सगळ्यात किरकोळ शत्रू. पण त्या डीएमचे कोबोल्ड आग लावायचे, दारं बंद करायचे, भिंतीतल्या भोकांतून मारायचे आणि पळायचे. मोठमोठे वीर त्यांच्या मजल्यावरून रडकुंडीला येऊन पळत. आकडे तेच ठेवून फक्त वागणं बदललं होतं.

दुसरी युक्ती: सगळे राक्षस एकदम आणायचेच नाहीत. सुरुवातीला दोन ओगर, आणि तिसऱ्या फेरीला आणखी दोन. मांडा: २, १, ३, २, २, १, १, ०. बेरीज १६ वरून १२ वर आली, म्हणजे एकूण धोका कमीच झाला. पण ओळीचा आकार बघा. उतरणीला लागली असं वाटत असतानाच मधे चढ येतो. माझ्या मते हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. फक्त, दुसरी तुकडी पहिली संपायच्या आत यायला हवी. आधीचे दोन पूर्ण मेल्यावर पुढचे दोन आले तर ती एक लढाई राहत नाही, चार पाळ्यांच्या दोन किरकोळ चकमकी होतात.

तिसरी: शेपूट कापायचं. १९८१ च्या बेसिक संचात राक्षसांना धीराचा एक आकडा असे. पहिला साथीदार पडला की, आणि निम्मे गारद झाले की, डीएमने दोन साधे फासे टाकायचे, बेरीज त्या आकड्यापेक्षा जास्त आली की ते पळतात. आकडा ७ असेल तर एका वेळी पळण्याची शक्यता ३६ पैकी १५, म्हणजे ४२ टक्के. दोन्ही वेळा मिळून ६६ टक्के. म्हणजे तीनपैकी दोन लढाया, त्या कंटाळवाण्या उत्तरार्धाला लागायच्या आतच संपणार. चाळीस वर्षांपूर्वीच्या लोकांना हे माहीत होतं! नव्या नियमांत ही गोष्ट कोपऱ्यात गेली आणि आपण सगळे शेवटच्या राक्षसाच्या शेवटच्या पॉइंटपर्यंत मारत बसलो. 'थर्टीन्थ एज' (२०१३) या खेळाने वेगळा उपाय केला. दुसऱ्या फेरीपासून टेबलावर एक सहाचा फासा ठेवायचा, दर फेरीला त्याचा आकडा एकाने वाढवायचा आणि तो खेळाडूंच्या फाशात मिळवायचा. लढाई जितकी लांबेल तितक्या वेगाने संपते.

आणि एक न करायची गोष्ट. खेळाडू जिंकायला लागले की गुपचूप ओगरचे पॉइंट वाढवायचे, हरायला लागले की पडद्यामागे फासा फिरवायचा. हे बरेच डीएम करतात. मीही केलंय. वरवर बघता हा निगेटिव्ह फीडबॅकच आहे, आघाडी दाबून चुरस टिकवणारा. पण मग खेळाडूंनी चांगलं खेळलं काय, वाईट खेळलं काय, निकाल तोच. शेवटपर्यंत ५०-५० राहणारी लढाई हवी असेल तर नाणं उडवा, ओगर कशाला? चुरस खेळाडूंच्या निवडीतून यायला हवी, आणि त्यासाठी येणारं संकट त्यांना आधी दिसायला हवं. दुसरी तुकडी येणार असेल तर पहिल्याच फेरीत टेकडीवर मशाली दिसू देत. मग त्यांचं येणं खोडसाळपणा वाटत नाही.

तरीही या सगळ्या युक्त्या 'कोण आधी मरतं' याच प्रश्नाभोवती फिरतात. मला वहीत शेवटी जे सापडलं ते सांगायला सोपं आहे. लँचेस्टरचा नियम लागू व्हायची एक न बोललेली अट म्हणजे दोन्ही बाजूंना फक्त एकमेकांना मारायचं असतं. ती अट काढली की एकावर तुटून पडणं हे आपोआप बरोबर उत्तर राहत नाही. आणि उत्तर आपोआप नसेल तरच टेबलावर बोलायला काही उरतं.

नदीकाठ

मैत्रिणीला मी मेसेज केला: एकदाच ये, नाही आवडलं तर तुझ्या सेल कल्चरकडे मी बघतो. ती आली.

या वेळी मी एका कागदावर मावेल इतकंच लिहिलं होतं. नदीकाठचं गाव, धक्क्याला तीन होड्या, होड्यांत पकडलेले गावकरी. गॉब्लिन वल्ही मारणार. होड्या दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या फेरीच्या शेवटी सुटणार. धक्क्याच्या तोंडावर दोन ओगर, टेकडीवर मशाली घेऊन आणखी दोन, तिसऱ्या फेरीला पोचणार. शेवटी वागण्याच्या दोन ओळी. ओगर: ज्याने शेवटचं मारलं त्याच्या अंगावर. गॉब्लिन: म्होरक्या पडला की धीराचा फासा, आकडा ७.

हिशेब तुम्हीच करा. चार ओगर मारायला आठ फेऱ्या लागतात, होड्या सहाव्यात संपतात. मारून जिंकता येणारच नव्हतं.

पहिल्या फेरीत ते सवयीने एका ओगरवर तुटून पडले. मी म्हटलं, पहिल्या होडीचा दोर सोडतायत. विझार्डने फायरबॉलसाठी तोंड उघडलं आणि मिटलं, होडीत गावकरी होते. मग टेबलावर पाच मिनिटं नुसता गोंधळ. दुसऱ्या फेरीत एक ओगर पडला, पहिली होडी सुटली. आणि क्लेरिकने पात्राचा कागद उलटून विचारलं, "वॉटर वॉक चालेल का रे इथे?" पाण्यावरून चालायचा मंत्र. दोन वर्षांत तिने तो एकदाही वापरला नव्हता, कारण मी दोन वर्षांत तिला एकदाही पाणी दिलं नव्हतं.

ती आणि रोग नदीवरून पळत गेले. रोगने म्होरक्या टिपला, मी दोन फासे टाकले, नऊ आले, गॉब्लिनांनी पाण्यात उड्या मारल्या. पहिली होडी सुटली. दुसरीतल्या वल्हेकऱ्यांवर विझार्डने चिकट जाळं टाकलं. तोवर टेकडीवरचे दोघे पोचले होते आणि फायटर एकटा तीन ओगरांसमोर होता. चौथ्या फेरीत तो पडला. पडलेला माणूस या खेळात लगेच मरत नाही, दर पाळीला फासा टाकतो, दहाच्या खाली तीनदा गेला की संपलं. ओगर त्याला सोडून विझार्डकडे वळले, कारण शेवटचं त्याने मारलं होतं. मी कागदावरची ओळ त्यांना दाखवली, नाहीतर मी दया दाखवली असं वाटलं असतं.

फायटरचा पहिला फासा ४.

क्लेरिक तेव्हा नदीच्या मधोमध होती. तिचा दुरून बरं करायचा मंत्र साठ फुटांपर्यंत चालतो, ती त्याच्या बाहेर. मागे फिरली तर तिसरी होडी जाणार, पुढे गेली तर फायटर. रोग म्हणाला, "जा तू पुढे, त्याच्याकडे अजून दोन फासे आहेत." फायटर खेळणारा मित्र काही बोलला नाही. पाचव्या फेरीत त्याला ७ पडले.

ती मागे फिरली. एकट्या रोगला तिसरी होडी थांबवता आली नाही. अकरा गावकरी गेले. बाकीचे दुसऱ्या होडीत बसून निसटले, मागे धक्क्यावर तीन ओगर उभे होते, त्यातल्या एकाला ओरखडाही नव्हता.

यालाही दोन तास लागले, तेवढेच. फेऱ्या मात्र सहाच, म्हणजे प्रत्येक फेरीला जास्त वेळ, कारण मोबाइल बाजूला पडले होते आणि भांडण चालू होतं. चपला घालतानाही रोग आणि क्लेरिक भांडतच होते: फायटरला तिसऱ्या फाशावर दहा पडायची शक्यता ५५ टक्के होती, मग मागे फिरायला हवं होतं का? ती म्हणाली, "तुझे अकरा लोक आणि माझा एक. मला तो दिसत होता, ते दिसत नव्हते."

येत्या शनिवारी तिसऱ्या होडीचा पाठलाग आहे. नदीचा खालचा भाग मी अजून काढलेला नाही. थिसिसच्या तिसऱ्या चॅप्टरचा ड्राफ्टही शुक्रवारपर्यंत द्यायचाय, आणि तिने परवा लॅबमध्ये विचारलेलं फक्त नदीबद्दल होतं.